दांडिया बाजारातलं पुस्तकांचं दुकान : फेब्रुवारी ते एप्रिलचे कार्यक्रम, कोण कोण येतंय?

ओटला_वाचक | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जे बडोद्यात आहेत, जे मूळचे बडोद्याचे आहेत आणि ज्यांचं माहेर किंवा सासर बडोद्याला आहे त्या सगळ्यांसाठी हा धागा. दांडिया बाजारातलं ते दुकान बऱ्याच जणांना माहीत असेल, खाली वह्या, गाईडं, कंपासपेट्या आणि लाकडी जिना चढून वर गेलं की मराठी पुस्तकं. गेली चार वर्षं मी शनिवार-रविवार तिथे मदतीला जाते. जूनमधल्या वह्या-गाईडांच्या विक्रीवर वरचा मराठीचा मजला वर्षभर तग धरतो हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे काकांनी (दुकानाचे मालक, सगळे त्यांना काकाच म्हणतात) वरच्या मजल्यावर कार्यक्रम करूया म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं.

हे डोक्यात कसं आलं ते आधी सांगते. दिवाळीनंतर एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या, सातवी-आठवीतला असेल, गुजराती मीडियमचा. आजींशी मस्त मराठी बोलत होता, भूक लागलीये, आधी सेव उसळ खाऊ, मग पुस्तकं बघू वगैरे. आजींनी एक पुस्तक उघडून त्याच्या हातात दिलं, म्हणाल्या वाच बरं. शाळेत हिंदी असतं म्हणून अक्षरं ओळखीची होती, पण पहिल्याच ओळीत 'वाऱ्यावर' आलं आणि त्याचं बोट तिथेच थांबलं. वा, र, या, असं तीन वेळा सुटं सुटं वाचलं आणि मग पुस्तक मिटून आजींकडे दिलं. रोज तोंडात असलेला शब्द, पण कागदावर त्याला ओळखू आला नाही. आजी काही बोलल्या नाहीत, पुस्तक मात्र विकत घेतलं.

आपल्या गावात घरोघर हेच आहे. मराठी बोललं जातं, वाचलं जात नाही. म्हणून यावेळचे सगळे कार्यक्रम लोकांनी स्वतः वाचावं यासाठीच आहेत. व्याख्यान नाही, शाल-श्रीफळ नाही, दीपप्रज्वलन नाही.

पहिला २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. संध्याकाळी ६ वाजता. घरातलं कुठलंही मराठी लिखाण आणायचं, पुस्तक, दिवाळी अंक, जुनं पोस्टकार्ड सुद्धा चालेल, आणि एक पान मोठ्याने वाचायचं. अडखळलात तरी चालेल, कोणी मध्ये बोलणार नाही. त्यानंतर मार्चपासून दर रविवारी सकाळी ९:३० ते १०:३० बाळबोध (म्हणजे आपली छापील देवनागरी लिपी) वाचनाचा वर्ग, आठ रविवार, लहान-मोठे सगळे एकत्र, फी नाही. ११ मार्चला सयाजीराव महाराजांची जयंती, त्या आठवड्यात सकाळी दुकानापासून सुरसागर, न्यायमंदिर करत मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीपर्यंत चालत जायचं (परवानगी मिळाली की वार सांगते). मार्चअखेरीला काकासाहेब कालेलकरांवर एक संध्याकाळ, मराठी आणि गुजराती दोन्हीत. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीचं वाचन, आणि २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिनाला जुन्या पुस्तकांची देवाणघेवाण.

वर ३० खुर्च्या मावतात, बाकीच्यांना सतरंजी. येणार असाल तर इथे लिहा म्हणजे अंदाज येईल.


मांडवीकर | सोमवार, रात्री १०:१५

मी आणि बायको, दोघं नक्की. मांडवीच्या फेरीत मला बोलायला दहा मिनिटं द्या, ती लायब्ररी म्हणजे माझं बालपण आहे. महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि राज्यभर लायब्रऱ्यांचं जाळं उभं करायला सांगितलं. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या, एका गावाचं वाचून झालं की पेटी पुढच्या गावाला. बायकांसाठी वेगळी व्यवस्था, मुलांसाठी वेगळी खोली, हे त्या काळात! मोतीभाई अमीन यांनी ही चळवळ खेड्यांत नेली, त्यांचं नाव आपल्या मराठी मंडळींत फारसं कोणी घेत नाही, ते घ्यायलाच हवं. आणि आतली ती काचेची जमीन. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमध्ये जाड काचेच्या फरश्या आहेत, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून. लहानपणी वडिलांचा हात धरून त्या काचेवर पाऊल टाकायला मला भीती वाटायची, खाली कोणीतरी चालतंय ते अंधुक दिसायचं.


दहावीची_आई | मंगळवार, सकाळी ७:०५

कार्यक्रम छानच आहेत पण मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा असते हो. माझी मोठी दहावीला आहे, धाकटा चौथीत. धाकट्याला रविवारी पाठवेन पण मोठीला फार वाटतंय यावंसं आणि तिचं सगळं हुकणार. एखादी तुकडी परीक्षेनंतर ठेवता येईल का?


ओटला_वाचक | मंगळवार, सकाळी ८:३०

@दहावीची_आई, अगदी बरोबर, हे आमच्या लक्षातच यायला हवं होतं. काकांशी बोलते. एप्रिलमध्ये दुसरी तुकडी संध्याकाळची ठेवू, ऊन उतरल्यावर. धाकट्याला पाठवाच, चौथीतली मुलं फार पटकन उचलतात. गुजराती येत असेल तर ग, त, न, म, य, व, स ही अक्षरं वरती रेघ दिली की झालीच, वेळ लागतो तो क, ख, च, ज, झ, फ, ब, भ यांना, ती वेगळी दिसतात. मग जोडाक्षरं, आणि सगळ्यात शेवटी तो वाऱ्यातला आडवा र. तो गुजरातीतही नाही आणि हिंदीतही नाही, त्यामुळे मुलांनी तो कुठे बघितलेलाच नसतो. उच्चाराचं मात्र उलट आहे, 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च वेगळा हे पुस्तकात दिसत नाही पण आपल्या मुलांच्या कानाला माहीत असतं. घरात ऐकलेलं असतं ना. तेवढं भांडवल त्यांच्याकडे आहे.


साजूक_तूप | मंगळवार, दुपारी १:२०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मराठी भाषा टिकवायची म्हणून कार्यक्रम करताय आणि त्यात पुन्हा गुजरातीची संध्याकाळ कशाला? गुजराती तर चोवीस तास आहेच, शाळेत, ऑफिसात, भाजीवाल्याकडे. वर्षातून चार वेळा आपण जमणार, तेव्हा तरी फक्त मराठी असू दे. आमच्या घरात मुलं आपापसांत गुजरातीच बोलतात आता, ते ऐकून आतून तुटतं.


ओटला_वाचक | मंगळवार, रात्री ९:१०

@साजूक_तूप, राग अजिबात नाही, तुमचं तुटणं मला कळतं, आमच्याही घरात तेच आहे. पण कालेलकरांचीच संध्याकाळ का, ते ऐका. माणूस साताऱ्यात जन्मलेला, मातृभाषा मराठी, १९१० च्या सुमाराला आपल्या इथे बडोद्यात गंगनाथ विद्यालयात शिकवायला होता, आणि पुढे गुजरातीत असं लिहिलं की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटलं. गुजराती शाळेतल्या मुलांना हे नाव पाठ्यपुस्तकातून माहीत असतं. आपल्या मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं की हे तर आपल्या घरासारखंच बोलणारे होते. आपल्या दुकानाच्या काकांच्या समोर राहणाऱ्या एक गुजराती बेन निवृत्त शिक्षिका आहेत, त्या कालेलकरांच्या हिमालयाच्या प्रवासातला एक उतारा गुजरातीत वाचणार आणि तोच लगेच मराठीत वाचला जाणार. मुलं एका कानाने एक आणि दुसऱ्याने दुसरी ऐकतील. ज्या मुलाला गुजरातीचा अभिमान आहे त्याला मराठीचा हात धरून आणायचं तर मधे पूल लागतो, दोन्ही काठांवर पाय असलेला असा माणूस दुसरा कुठे मिळणार आपल्याला?

आणि या गावाचा स्वभावच असा आहे. महाराजांनी राज्यकारभाराचे शब्द जुळवून घेतले ते 'श्री सयाजी शासनकल्पतरू' मध्ये आठ भाषांत. मराठी राजा, गुजराती प्रजा, दोघांनाही कागद कळला पाहिजे ही काळजी होती त्यात.


साजूक_तूप | मंगळवार, रात्री ११:००

हे मला माहीत नव्हतं, गंगनाथचं. बरं, त्या संध्याकाळी मी मराठी उतारा वाचू का? आवाज बरा आहे, पूर्वी नाटकात कामं केली आहेत. मुलांना पण आणतो.


ओटला_वाचक | बुधवार, सकाळी ७:४५

वाचाच. नक्की धरते. उताऱ्याची झेरॉक्स शनिवारी दुकानात ठेवते.


कमाटीबाग_सकाळ | बुधवार, दुपारी ४:३०

१४ एप्रिलबद्दल थोडं लिहितो, कारण तो दिवस बाकीच्या कार्यक्रमांसारखा 'एक कार्यक्रम' होऊ नये असं मनापासून वाटतं. बाबासाहेबांना १९१३ साली सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली, ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि त्या करारापोटी १९१७ ला इथे नोकरीला आले. एवढा शिकलेला माणूस आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, आणि मग कमाटी बागेत बसून राहिले, दुःखाने. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ती जागा म्हणजे आजची संकल्पभूमी. मी रोज सकाळी तिथून चालत जातो, माझे आजोबा पण जायचे.

माझी सूचना अशी की वाचन दुकानात न करता बागेतच करावं, पहाटे ऊन चढायच्या आत, त्यांनी लिहिलेलाच भाग वाचावा, आपण मधे भाषण करू नये. आणि आधीच सांगून ठेवतो, शिष्यवृत्तीचं सगळे मोठ्याने सांगतात, धर्मशाळेचं कोणी सांगत नाही. दोन्ही याच शहरात झालं. दोन्ही वाचलं जावं.


ओटला_वाचक | बुधवार, रात्री ८:५०

@कमाटीबाग_सकाळ, तुमची पोस्ट काकांना वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले बागेतच करायचं, आणि वाचायचा मान यांनाच द्या. तुम्ही वाचाल का? सकाळी ६:३० ठरवते. त्या दिवशी तिथे गर्दी असते, तर एका बाजूला बसू, माईक नको.


कमाटीबाग_सकाळ | बुधवार, रात्री ९:३०

वाचतो. मुलीला पण बरोबर आणतो, अर्धं ती वाचेल.


जुनी_ट्रंक | गुरुवार, सकाळी ११:१०

बाळबोधच्या वर्गाबरोबर मोडीचं पण काही करता येईल का? आमच्याकडे पणजोबांचे कागद आहेत, दोन फडकी भरून, सगळे मोडीत. आधी पानभर आडव्या रेघा ओढल्यात आणि मग त्यांना अक्षरं लटकवत नेलीत, हात उचललाच नाही असं वाटतं. एक शब्द लागत नाही.


ओटला_वाचक | गुरुवार, दुपारी २:००

@जुनी_ट्रंक, यावेळी नाही जमणार, शिकवणारं माणूस हाताशी नाही. पण कागद पस्तीत (रद्दीत) देऊ नका हो, कितीही घर आवरायची घाई असली तरी. कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून नको, पावसाळ्यात घाम धरतो. आणि एखादं पान २७ ला घेऊन या, वाचता नाही आलं तरी सगळ्यांना दाखवा.


पोळीतला_मधला | गुरुवार, रात्री ८:१५

पस्तीचा विषय निघाला म्हणून. माझ्या वडिलांनी आयुष्यभर जमवलेली चारशेच्या वर पुस्तकं आम्ही एका संस्थेला दिली, त्यांनी प्रेमाने घेतली, पावती दिली. दोन वर्षांनी रविवारच्या जुन्या बाजारात ढिगात मला वडिलांच्या सहीचं पुस्तक दिसलं. मी ३० रुपयांना ते परत विकत घेतलं. संस्थेलाही दोष देत नाही फार, त्यांना जागा नाही, वाचणारा येत नाही. पण तेव्हापासून मी कोणाला पुस्तक देताना हातात देतो, कपाटाला देत नाही. २३ एप्रिलच्या देवाणघेवाणीत तेवढं बघा, की पुस्तक घेणारा माणूस समोर असावा आणि देणाऱ्याने त्याला दोन वाक्यं सांगावीत की हे का आवडलं. नुसतं टेबलावर ढीग लावू नका.


ओटला_वाचक | गुरुवार, रात्री ९:००

असंच करूया. देणारा एका बाजूला, घेणारा समोर. आणि उरलेली पुस्तकं जो तो घरी परत नेईल, दुकानात ठेवून जायची नाहीत. तुमच्या वडिलांच्या सहीचं पुस्तक घेऊन या, देऊ नका, फक्त दाखवायला.


आता_पुण्यात | शुक्रवार, सकाळी १०:२०

वाचून गलबलायला झालं. २०१८ ला बडोद्यात ९१ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते, तीनही दिवस स्वयंसेवक म्हणून पळत होते, त्यानंतर नोकरीसाठी गाव सुटलं. मला यायला जमणार नाही पण पुण्यातून काही पुस्तकं पाठवू का? मुलांसाठी मोठ्या टायपातली, जोडाक्षरं कमी असलेली?


ओटला_वाचक | शुक्रवार, सकाळी ११:००

हो, पाठवा ना! ट्रॅव्हल्सच्या पार्सलने टाकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं, काका उतरवून घेतात. दहा-बाराच पाठवा पण प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती हव्यात, म्हणजे एक मूल आणि एक मोठं माणूस शेजारी बसून एकच पान वाचू शकतील.


बोलून_टाईप | शनिवार, रात्री १०:५०

मी पहिल्यांदाच लिहितेय आणि खरं सांगायचं तर लिहीत नाही, फोनमध्ये बोलतेय, तो टाईप करतोय. तुमच्या सगळ्या पोस्टी मी फोनकडून ऐकल्या. मी पक्की बडोद्याची, गुजराती मीडियमला शिकले, शाळेतलं हिंदी केव्हाच सुटलं, आता वय ४१ आहे. आई गेल्या वर्षी गेली. तिची एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची, त्यात लोणची, मसाले, मेतकूट, कडबोळी सगळं तिच्या अक्षरात. नवऱ्याला किंवा मावशीला वाचून दाखव म्हटलं तर दाखवतील, पण मला ती स्वतः वाचायची आहे. तो रविवारचा वर्ग मुलांचा आहे की माझ्यासारखीला चालेल? लाज वाटते म्हणून विचारतेय.


मांडवीकर | शनिवार, रात्री ११:२०

ताई, सयाजीराव महाराज कवळाण्याहून इथे आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. शेतकऱ्याचं पोर. इथे येऊन मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी सगळं शिकले, आणि १९०६ साली राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. तुमच्या आमच्या गावात उशिरा शिकण्याची लाज कसली.


ओटला_वाचक | रविवार, सकाळी ७:००

@बोलून_टाईप, ताई, चालेल काय, यायचंच. वही घेऊन या. पहिल्या दिवशी मी तुमच्या शेजारी बसते. आईच्या हाताचं वळण आधी फार अनोळखी वाटेल, कारण छापील अक्षर आणि हाताचं अक्षर यात फरक असतो, पण एका माणसाच्या अक्षराची सवय तीन-चार पानांत होते.


ओटला_वाचक | २८ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

कालचं थोडक्यात. ३४ जण होते, खुर्च्या कमी पडल्या. जुन्या पोस्टकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं वाचलं गेलं. जुनी_ट्रंक यांचा मोडी कागद हातोहात फिरला. आणि दिवाळीनंतर आलेल्या त्या आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. तेच पुस्तक, तेच पान. 'वाऱ्यावर' पाशी तो थांबला, आजींकडे बघितलं, आणि पुढे गेला. पुढच्या तीन ओळी वाचल्या. घरी रोज एक ओळ वाचत होते म्हणे दोघं. रविवारच्या वर्गाला आत्तापर्यंत १९ नावं आहेत, नऊ मोठी माणसं.


बोलून_टाईप | मार्चचा तिसरा रविवार, दुपारी ३:४०

हे मी टाईप करतेय, बोलून नाही. वेळ लागतोय. मेतकुटाचं पान पूर्ण वाचलं. हरभऱ्याची डाळ, तांदूळ, मेथ्या, मोहऱ्या. हरभऱ्याची आणि मोहऱ्या, दोन्ही शब्दांत तो आडवा र आहे, आज ओळखला. एकच अडलं. आईने लिहिलंय उडदाची डाळ नवटाक. हे अक्षर चुकीचं वाचतेय का मी?


जुनी_ट्रंक | दुपारी ४:०५

बरोबर वाचलंत. नवटाक म्हणजे अर्धा पावशेर. जुनं माप आहे, आमची आजी पण असंच म्हणायची. आत्ताच्या हिशोबात साधारण सव्वाशे ग्रॅमला थोडं कमी धरा.


बोलून_टाईप | दुपारी ४:३०

पुढच्या रविवारी करून आणते. मऊ भात कोणी आणेल का?


दहावीची_आई | दुपारी ४:३५

भात आणि तूप माझ्याकडे. मोठीचा शेवटचा पेपर झालाय तोवर, ती पण येतेय.